‘जबाबदारीने खेळा’ हे कोणाला सांगताय?

ऑनलाइन रमीच्या जाहिरातीच्या शेवटी एक वाक्य घाईघाईने म्हटलं जायचं: सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण ते वाक्य लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. “डॉक्टर, बेताने खेळलं तर काय बिघडतं?” हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो.

आधी हिशेब बघा. एका शून्याच्या रूलेटच्या चाकावर ३७ घरं असतात. तुमचा आकडा लागला तर रुपयाला ३५ रुपये नफा मिळतो. बरोबरीचा व्यवहार असता तर ३६ मिळाले असते. म्हणजे बेताने खेळणं म्हणजे सावकाश हरणं!

आता मेंदूकडे वळू. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसलं की डोपामिनची यंत्रणा जास्त चेतते. थोडक्यात हुकलेला डावही मेंदूला जिंकल्यासारखा खुणावतो. पार्किन्सन्सच्या (आपल्या भाषेत कंपवाताच्या) काही रुग्णांना प्रॅमिपेक्सोलसारखी औषधं देतात. जन्मात कधी पैसे न लावलेली माणसंही या औषधांवर असताना जुगारी झाल्याच्या नोंदी आहेत, आणि औषध कमी केल्यावर बहुतेकांची ओढ ओसरली. (घरात कोणी ही गोळी घेत असेल आणि असं काही दिसलं, तर डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका.) आता मला सांगा, त्या माणसांचे संस्कार गोळीने बदलले होते का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये जुगाराचा विकार व्यसनांच्याच गटात आहे. तरीही आपण रुग्णाला शपथा घालतो, आणि दुसरीकडे त्याचं कर्ज गुपचूप फेडतो. ‘एवढी एकच वेळ’ म्हणून आईने मोडलेली पाटली पुढच्या डावाचं भांडवल होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

त्यापेक्षा पैशाची वाट अडवा. पगाराचं खातं काही महिने जोडीदाराच्या हाती द्या, यूपीआयची मर्यादा अगदी कमी करा, झटपट कर्ज देणारी ॲप काढून टाका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, विचारांवर काम करणारी सीबीटी ही उपचारपद्धती इथे उपयोगी पडते. आणि कर्जापायी जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर सकाळची वाट बघू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.