विश्लेषण : उसाची ट्रॉली, चिमणी आणि पूर्णा नदी, साखर कारखान्यांचा प्रदूषणभार कसा कमी होणार?

गळीत हंगाम सुरू झाला, गव्हाणीत मोळी पडली की पूर्णा परिसरातील रस्त्यांचे चित्र बदलते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, टायरच्या बैलगाड्या, ट्रक आणि काट्याबाहेर नंबर लागण्याची वाट पाहणारी वाहने. तालुक्यात कानडखेडला बळीराजा कारखाना, शेजारी वसमतला पूर्णा सहकारी, तर गंगाखेडला गंगाखेड शुगर, असा हा ऊसपट्टा आहे. पूर्णा नदी याच तालुक्यात गोदावरीला मिळते. त्यामुळे वाहतुकीचा धूर, चिमणीची राख आणि सांडपाणी हे तिन्ही प्रश्न इथे एकमेकांना लागून आहेत. हा भार कमी करता येतो का आणि त्यात शेतकऱ्याचा काय संबंध, हे समजून घेऊ. (खालील आकडेमोड नमुन्यादाखल आहे, ती कोणत्याही एका कारखान्याची नाही.)

थोडक्यात
- ऊस जितका लांबून येतो तितके डिझेल जास्त जळते. हा खर्च शेवटी उसाच्या बिलातून जातो.
- उसात सुमारे ७० टक्के पाणी असते. ते नीट वापरले तर बाहेरून पाणी घेण्याची गरज बरीच कमी होते.
- वाफेची बचत म्हणजे बगॅसची बचत आणि बगॅसची बचत म्हणजे जास्त वीज.

वाहतुकीत किती डिझेल जळते?

समजा, एक कारखाना दिवसाला ३,००० टन ऊस गाळतो. एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत मिळून १५ टन ऊस धरला तर रोज २०० खेपा होतात. ऊस सरासरी २५ किलोमीटरवरून येत असेल तर जाऊन-येऊन ५० किलोमीटर, म्हणजे रोज १० हजार किलोमीटर. लिटरला ३ किलोमीटर धरले तर दिवसाला सुमारे ३,३०० लिटर आणि १२० दिवसांच्या हंगामात ४ लाख लिटर डिझेल लागते. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे एका हंगामात हजार टनांहून अधिक.

आता सरासरी अंतर २५ वरून १५ किलोमीटरवर आणले तर १ लाख ६० हजार लिटर डिझेल वाचते. लिटरला ९० रुपये धरले तर १ कोटी ४४ लाख रुपये. हंगामातील ३ लाख ६० हजार टनांवर विभागले तर टनामागे ४० रुपये होतात. टायर, मजुरी आणि वाहनाची झीज यात धरलेलीच नाही.

हे पैसे नेमके कोणाचे?

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली आहे. मात्र महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात पडते. ही कपात अनेक ठिकाणी सरासरी दराने होते. म्हणजे कारखान्यापासून ५ किलोमीटरवर शेत असलेला शेतकरी ६० किलोमीटरवरून येणाऱ्या उसाच्या भाड्याचाही वाटा उचलतो.

मग कारखाने लांबचा ऊस आणतात कशाला? कारण गाळप क्षमता वाढली, पण उसाचे क्षेत्र पावसावर आणि धरणातील पाण्यावर चढते-उतरते. येलदरी, सिद्धेश्वर भरले तर ऊस वाढतो, नाही भरले तर पळवापळवी सुरू होते. महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे, पण ती कारखाना उभारण्यासाठी आहे. ऊस किती लांबून आणावा, यावर ती बंधन घालत नाही.

नंबर लागण्यात काय बिघडते?

तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात. वाहन काट्याबाहेर अर्धा दिवस उभे राहिले तर शेतकऱ्याचे वजन, कारखान्याचा उतारा आणि वाहनमालकाची खेप असे तिघांचेही नुकसान होते. त्यावर उपाय फार महागडा नाही. तोडणीचा कार्यक्रम गावनिहाय आणि गट धरून लावायचा, टोळीला मोबाइलवर वेळ द्यायची आणि ट्रॅक्टरला जीपीएस बसवायचे. त्यासाठी तोडणीचा क्रम नोंदीप्रमाणेच पाळावा लागतो. वशिल्याने मधेच तोड दिली की पूर्ण वेळापत्रक कोलमडते.

कारखान्याच्या आत काय बदलता येते?

*पाणी :* ३,००० टन उसात सुमारे २१ लाख लिटर पाणी असते. रस आटवताना ते वाफ होऊन निघते आणि थंड केल्यावर पुन्हा हाती येते. ते स्वच्छ करून वापरले तर नदी किंवा बोअरवरचा ताण घटतो. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार टनामागे १०० लिटर प्रक्रिया केलेले सांडपाणी आणि कूलिंग टॉवर किंवा स्प्रे पाँडचे आणखी १०० लिटर, एवढेच पाणी बाहेर सोडता येते. आपल्या उदाहरणात ही मर्यादा दिवसाला ६ लाख लिटर होते. हंगामाच्या एक महिना आधी सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा स्थिर करणेही बंधनकारक आहे, कारण ती जिवाणूंवर चालते. बटण दाबले की लगेच सुरू होणारे ते यंत्र नाही.

*चिमणी :* एक टन उसातून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघते आणि तेच बॉयलरमध्ये जळते. धुरातील कणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे. ती पाळली नाही तर काळी राख शेजारच्या कापसावर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

*वाफ :* जुन्या यंत्रणेत उसाच्या वजनाच्या ४५ ते ५० टक्के वाफ लागते. सुधारित यंत्रणेत हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आणता येते. वाचलेल्या बगॅसवर जास्त वीज तयार होते आणि ती विकता येते. पैसे परत मिळवून देणारा हा बदल आहे, मात्र सुरुवातीची गुंतवणूक मोठी असते.

*इथेनॉल :* आसवनी असेल तर एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश तयार होतो. त्याची प्रदूषणक्षमता घरगुती सांडपाण्याच्या शंभरपटीहून अधिक असते. म्हणूनच आसवन्यांना तो बाहेर सोडण्यास मनाई आहे. तो आटवून जाळावा लागतो किंवा प्रेसमडमध्ये मिसळून खत करावे लागते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळून हवा स्वच्छ होणार, असे म्हणताना नदीकाठचा हा हिशेबही धरायला हवा.

पूर्णा जंक्शनचा उपयोग होईल का?

ऊस रेल्वेने येणार नाही, पण साखर जाऊ शकते. लांबच्या अंतरावर ट्रकच्या तुलनेत रेल्वेला टनामागे बरेच कमी इंधन लागते आणि पूर्णेहून मनमाड, सिकंदराबाद आणि अकोला या तिन्ही दिशांना मार्ग आहेत. परभणी-मुदखेड दुहेरीकरण झाले आहे आणि जुलै २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर-परभणी दुहेरीकरणालाही केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

अडचण वेगळीच आहे. मालगाडीचा एक पूर्ण रेक भरायला सुमारे अडीच हजार टन माल एका वेळी लागतो. साखर विक्री मात्र केंद्राच्या मासिक कोट्यावर चालते. एकट्या लहान कारखान्याला हे जमत नाही. दोन-तीन कारखान्यांनी एकत्र रेक घेतला तरच गणित बसते.

दबाव कुठून येणार?

सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल सक्तीचा केला आहे. शीतपेये, बिस्किटे बनवणाऱ्या मोठ्या खरेदीदारांकडून साखर कारखान्यांनाही हिशेब विचारला जाऊ शकतो. दुसरा दबाव नियामकाचा. साखर आणि आसवनी उद्योगांना चोवीस तास मोजणारी ऑनलाइन यंत्रणा बसवणे बंधनकारक आहे.

तिसरा आणि सर्वात जवळचा दबाव सभासद व ऊस उत्पादकांचा. यंदाचे बिल हाती आले की केवळ एफआरपीचा आकडा पाहू नका. तोडणी-वाहतुकीची कपात किती झाली, ती कोणत्या सरासरी अंतरावर काढली आणि गेल्या वर्षी ते अंतर किती होते, हे तीन प्रश्न कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत किंवा शेतकी कार्यालयात लेखी विचारता येतात. अंतराचा आकडा कमी झाला तर डिझेल आणि धूर कमी होतील, आणि शेतकऱ्याच्या खात्यात चार पैसे जास्त राहतील.