एकबुर्जीचा काठ आणि आपली मुलं

‘किनारा’ म्हटलं की आमच्या वर्गातली मुलं मुंबईचं नाव घेतात. वाशिमला कुठला किनारा? पण ज्या एकबुर्जीचं पाणी वाशिमकरांच्या नळाला येतं, त्या धरणालाही काठ आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी आपली कुटुंबं डबे घेऊन जातात ती तिथेच. आपण तिथे फोटो काढतो आणि घरी येतो. काठावर कोण राहतं, हे मात्र विचारत नाही.

पावसाळा संपला की पाणी हळूहळू मागे सरकतं आणि ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्या चिखलात किडे, अळ्या, गोगलगायी असतात. त्यांच्यासाठी शेकाट्या, धोबी, शराटी येतात. हिवाळ्यात थापट्या आणि चक्रवाक ही बदकं हिमालय ओलांडून महाराष्ट्रातल्या अशा जलाशयांवर उतरतात. टिटवी तर घरटं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालते. आपल्या मोटारसायकलच्या चाकाखाली ती कधी येतात, आपल्याला कळतही नाही.

आता कायद्याचं बघू. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं, तेव्हा जगभर बातमी झाली. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला ‘रामसर’ दर्जा मिळाला. आपल्या धरणांचं तसं नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव पाणथळ जागेच्या व्याख्येतूनच वगळले आहेत. म्हणजे एकबुर्जी, अडाण यांसारख्या धरणांवर पक्षी कितीही उतरले तरी त्या नियमांचं छत्र काठाला मिळत नाही. वर राज्यभर धरणाचं पाणी ओसरलं की गाळपेर जमिनीवर पिकं घेतली जातात. शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्याला दोष देऊन चालणार नाही. पण तिथे फवारलेलं औषध शेवटी पाण्यातच उतरतं आणि ते पाणी आपणच पितो. म्हणून हा प्रश्न फक्त पाखरांचा नाही.

मग करायचं काय? नियम जिथे थांबतो, तिथे माहिती असलेला माणूस लागतो. राज्य सरकारने २०२० मध्ये ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. सालिम अली लहानपणी आई-वडिलांविना मामाकडे वाढले. मारलेली एक चिमणी वेगळी दिसली, म्हणून ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत विचारायला गेले. तिथल्या सचिवांनी, मिलर्ड साहेबांनी, त्या पोराला हाकललं नाही. संग्रहातले पक्षी काढून दाखवले. एका मुलाच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं आणि देशाला पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. आपण आपल्या मुलांना असं उत्तर देतो का, की ‘चूप बैठ’ म्हणतो?

आमचं म्हणणं साधं आहे. या सप्ताहात आणि मग जानेवारीत एक रविवार सकाळी मुलांना, मुलींनाही, मोठ्या माणसांसोबत काठावर न्या. पाण्यात उतरू देऊ नका. सोबत वही ठेवा. डावीकडे मराठी नाव, उजवीकडे उर्दू: टिटवी – टिटहरी, बगळा – बगला. नाव अडलं तर जाळं टाकणाऱ्या भोई बांधवांना विचारा. कुठला पक्षी कधी येतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

ही वही कपाटात पडू देऊ नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावची नोंदवही बघायला मागा, आणि मुलांच्या नोंदी तिथे द्या. उद्या काठावर भराव पडला तर ‘इथे काय होतं?’ असा प्रश्न येईल. तेव्हा उत्तर लिहिलेलं असलं पाहिजे, आणि ते आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांच्या अक्षरातही असावं.