ढाक्याची सनद, वरुडचा बहार

डिसेंबर उजाडला की नागपूरचा रंगच पालटतो. नागपूर कराराच्या वचनाला जागून राज्याचे सरकार अधिवेशनासाठी इथे मुक्कामाला येते, मोर्च्यांच्या घोषणांनी रस्ते दुमदुमतात, आणि कळमन्याच्या बाजारात आंबिया बहराच्या संत्र्यांचे ढीग लागतात. याच दिवसांत, ८ डिसेंबरला, सार्कचा सनद दिन येतो. १९८५ साली ढाक्यात सात शेजारी देशांनी सहकार्याच्या सनदेवर सह्या केल्या; पुढे २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा सोबती झाला. आपल्याकडे हा दिवस कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. तरी वरुड, मोर्शी, काटोलच्या बागायतदाराचे त्याच्याशी काही देणेघेणे नाही असे आपण समजू नये, कारण त्याच्या बागेचा भाव बऱ्याच अंशी त्या ढाक्यातच ठरतो.

नागपुरी संत्र्याचे परदेशातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. हे फळ सैल सालीचे, नाजूक; समुद्रापारचा लांबचा प्रवास त्याला सोसत नाही. क्रेट भरून ट्रक निघाला की पेट्रापोल-बेनापोलची सीमा ओलांडून थेट तिकडच्या बाजारात, हीच त्याची सोयीची वाट. तिथे २०१९ मध्ये किलोमागे २० टका असलेले आयात शुल्क वाढत वाढत २०२३ मध्ये ८८ टक्यांवर गेले. मग बागेचा सौदा करताना व्यापारी हात आखडता घेतो, तिकडे जाणारा माल इकडच्याच बाजारात उतरतो, भाव पडतात आणि बागायतदाराच्या पदरी मजुरी-फवारणीचा खर्चही धड पडत नाही.

या कहाणीत आपलाही वाटा आहे, तो प्रांजळपणे मान्य केला पाहिजे. २०१९ आणि २०२० च्या सप्टेंबरात आपण कांद्याची निर्यात अचानक थांबवली, आणि २०२३ ची बंदी तर नेमकी ८ डिसेंबरपासून, म्हणजे सनद दिनीच, लागू झाली. बांगलादेशाच्या स्वयंपाकघरात आपल्या कांद्यावाचून अडते, हे ठाऊक असूनही. संत्र्यावरचे शुल्क हे कांद्याचे उट्टे आहे, असे विदर्भातले शेतकरी उघड बोलतात. ते तंतोतंत खरे असो वा नसो, एका राजधानीतल्या आदेशाचा चटका दुसऱ्या देशातल्या चुलीला आणि बागेला बसतो, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

अशा वेळी सार्क कुठे असते? दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेत आणायचे नाहीत आणि प्रत्येक निर्णय एकमतानेच घ्यायचा, असे सनदेतच लिहिलेले आहे. भांडणे उंबऱ्याबाहेर ठेवली तर निदान एका पंगतीला बसता येईल, हा त्यामागचा सुज्ञ विचार होता. पण पंगतच मोडली. २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषद झालेली नाही. २०१६ ची इस्लामाबादची बैठक बारगळली, ती कायमचीच. त्यामागची कारणे क्षुल्लक नव्हती. उरीच्या जवानांचे रक्त आपण विसरलेलो नाही. तरीही आपल्या गावांत बांधावरून कोर्टात गेलेली घरेसुद्धा विरजणासाठी एकमेकांच्या दारात वाटी पाठवतातच, ही रीत इथे का पाळली जाऊ नये?

तशी रीत आपण पाळलीही आहे. सार्कचा मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे. २०११ मध्ये भारताने अल्पविकसित शेजाऱ्यांसाठी सवलतीबाहेरच्या वस्तूंची यादी ४८० वरून २५ वर आणली. मोठ्या घराने आधी दार उघडावे, हे त्यात दिसले. राज्य सरकारने संत्र्याच्या निर्यातीसाठी अनुदान जाहीर केले तेही योग्यच; परंतु परक्या देशाच्या शुल्काची भरपाई आपल्या तिजोरीतून किती वर्षे करणार?

अधिवेशनात विदर्भाचे आमदार संत्र्यावर बोलतील, त्यांनी दिल्लीकडे एक नेमकी मागणी लावून धरावी. कांदा आणि संत्रा एकाच बैठकीत, एकाच कागदावर घ्यावेत. आपण कांदा अवचित अडवणार नाही, त्यांनी हंगामाच्या तोंडावर शुल्क चढवू नये. पुढच्या आंबिया बहरासाठी बागा आताच ताणावर सोडल्या जात आहेत, फळ तोडणीला यायला ऑक्टोबर उजाडेल. शिखर परिषदेची वाट न पाहता दोन्ही देशांच्या वाणिज्य सचिवांना तेवढ्या अवधीत हा कागद सहज तयार करता येईल.