चार पौंडांचा कर्णधार

खेळाडूने खेळावे, बाकीच्या भानगडीत पडू नये, असे वडीलधारी मंडळी नेहमी सांगतात. ऐकायला हे बरे वाटते. परंतु खेळ हाच ज्याच्या पोटापाण्याचा धंदा, त्याने आपल्या हक्कांविषयी बोलायचे नाही, तर मग कोणी बोलायचे? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या चार्ली रॉबर्ट्‌सच्या आयुष्यात सापडते.

१८८३ साली डार्लिंग्टन येथे जन्मलेला हा फुटबॉलपटू ग्रिम्सबी टाऊनकडून १९०४ साली मँचेस्टर युनायटेडमध्ये आला. तेव्हा हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. सेंटर हाफच्या जागेवर खेळणाऱ्या रॉबर्ट्‌सच्या नेतृत्वाखाली तो वर चढला. १९०८ व १९११ साली त्याने लीगचे अजिंक्यपद आणि १९०९ साली एफ. ए. कप जिंकला. त्या अंतिम सामन्याला सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षक होते.

आता दुसरी बाजू पाहू. १९०१ पासून कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त वेतन देण्यास बंदी होती. क्लबच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे जाता येत नसे. क्लब मात्र त्याला विकू शके. १९०५ साली आल्फ कॉमन हा खेळाडू हजार पौंडांना विकला गेला! बाजारात माणसाची किंमत हजार, आणि त्याच्या घामाची कमाल किंमत चार.

१९०७ साली युनायटेडचाच थॉमस ब्लॅकस्टॉक हा खेळाडू राखीव संघाच्या सामन्यात कोसळून मरण पावला. त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळाली नाही. त्याच वर्षी २ डिसेंबरला बिली मेरेडिथ, रॉबर्ट्‌स आणि त्यांचे सहकारी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात जमले आणि खेळाडूंची संघटना उभी राहिली.

संघटना कामगार चळवळीशी नाते जोडू पाहते, हे दिसताच १९०९ साली फुटबॉल असोसिएशनने फर्मान काढले : १ जुलैपूर्वी संघटना सोडा, नाहीतर खेळणे बंद. बहुतेकांनी संघटना सोडली. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. घरी चूल पेटवायची होती. युनायटेडचे खेळाडू मात्र हटले नाहीत. क्लबने त्यांना निलंबित केले, पगार थांबला. ते स्वतंत्रपणे सराव करू लागले आणि त्यांनी एक छायाचित्र काढून घेतले. मध्ये रॉबर्ट्‌स, आणि पुढे पाटी : ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब, १९०९’. अपमानाचाच त्यांनी झेंडा केला!

हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ३१ ऑगस्टला तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, पण वेतनाची मर्यादा राहिली आणि खेळाडूंची खरेदी-विक्रीही राहिली. पुढे सभासदांनी कामगार महासंघाशी असलेला संबंध तोडण्याचा कौल दिला. मग रॉबर्ट्‌सने मिळवले तरी काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की त्याने संघटना जिवंत ठेवली. मागण्या पुढे मांडता येतात. मागणारा हातच छाटला गेला, तर काहीच उरत नाही.

याची किंमतही त्याने मोजली असावी. इंग्लंडतर्फे तो अवघे तीन सामने खेळला, तेही सगळे १९०५ साली. एवढी पदके मिळूनही राष्ट्रीय संघाचे दार पुन्हा उघडले नाही. त्याची मते त्याच्या आड आली, असे मानणारे बरेच आहेत. १९१३ साली तो ओल्डहॅम ॲथलेटिकला विकला गेला. तेथेही १९१५ साली त्याच्या संघाचे अजिंक्यपद केवळ एका गुणाने हुकले. १९३९ साली तो वारला.

वेतनाची मर्यादा उठली ती जानेवारी १९६१ मध्ये, जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली त्याच संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा. म्हणजे रॉबर्ट्‌सने राखलेल्या झाडाला फळ आले, ते त्याच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी.

आज फुटबॉलपटूंच्या कोट्यवधींच्या कमाईवर आपण नाके मुरडतो. मुरडावीत; तिच्यात अतिरेक आहेच. पण चार पौंडांच्या दिवसांचा हिशेबही ठाऊक असावा. एफ. ए. कप उंचावणारा रॉबर्ट्‌स मोठा होताच. मला मात्र त्या पाटीमागे ताठ बसलेला, पगार नसलेला कर्णधार अधिक मोठा वाटतो.