नळ, पण तोटीचा नव्हे!

दोस्तांनो, 'नळ' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पाण्याची तोटी, नाहीतर दमयंतीचा नळराजा! पण आजचा आपला नळ वेगळाच आहे. तो तळ्याच्या उथळ कडेला, ओढ्याकाठी चिखलात उभा असतो आणि वारा आला की सळसळतो. संस्कृतात 'नल' म्हणजे पोकळ दांड्याचं उंच गवत. नळी, नळकांडं हे शब्द त्याच घराण्यातले, बरं का!

आपल्याकडच्या या नळाचा एक जवळचा भाऊबंद आहे. इंग्रजीत त्याला 'कॉमन रीड' म्हणतात आणि शास्त्रज्ञ म्हणतात फ्रॅग्मायटिस ऑस्ट्रेलिस. अंटार्क्टिका सोडला तर जगातल्या सगळ्या खंडांत तो सापडतो. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच, वर भुरकट तुरा. असलं रान दिसलं की मोठी माणसं म्हणतात, "पडीक जागा आहे, भर टाकून घ्या!"

पडीक? बघू या हं.

कुंडीत पाणी साचून राहिलं तर तुळस कुजते. कारण मुळांना हवा मिळत नाही. मग बारा महिने चिखलात राहणाऱ्या नळाचं कसं भागतं? पपईच्या पानाचा देठ आठवा. आतून पोकळ, फुंकर मारली की आरपार! नळाचे दांडेही पोकळ असतात. हिरव्या दांड्यांतून हवा चिखलातल्या आडव्या खोडापर्यंत जाते आणि गेल्या वर्षीच्या वाळक्या, मोडक्या दांड्यांतून बाहेर पडते. म्हणजे मेलेली काडीसुद्धा धुराड्याचं काम करते!

यातला थोडा प्राणवायू मुळांतून बाहेर झिरपतो. त्याच्या आधाराने मुळांभोवती कोट्यवधी जिवाणू राहतात आणि पाण्यातली घाण खातात. नळ स्वतः फार घाण खात नाही, पण या सफाई कामगारांना घर देतो आणि हवाही पुरवतो. पाणवनस्पती सांडपाणी स्वच्छ करू शकतात हे केटे झायडेल या जर्मन संशोधक बाईंनी 1950 च्या दशकात प्रयोग करून दाखवलं. आता अनेक देशांत मुद्दाम नळाचे वाफे करतात. सांडपाण्यातला गाळ आधी खाली बसू द्यायचा, मग ते पाणी खडीत लावलेल्या नळाच्या मुळांमधून सावकाश जाऊ द्यायचं. वीज अगदी थोडी लागते. मात्र कारखान्यातलं कुठलंही विष सोडावं आणि नळाने ते निस्तरावं, असं होत नाही हं!

बरं, अशी जागा खरंच बुजवली तर? इंग्लंडमध्ये हे घडून गेलंय. तिथल्या 'फेन्स' नावाच्या दलदलीच्या प्रदेशातलं पाणी शेतीसाठी शेकडो वर्षं उपसलं गेलं. नळाची बनं आटली आणि त्यांत राहणारा बिटर्न हा बगळ्याच्या जातीचा पक्षी संकटात आला. त्याच्या अंगावर वाळक्या नळासारखे पट्टे असतात. शत्रू दिसला की हा पठ्ठ्या चोच आभाळाकडे करून उभा राहतो आणि वाऱ्यावर नळ डोलले की स्वतःही डोलतो! मग तो मोजायचा कसा? आवाजावरून. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा नराचा घुमणारा आवाज पाच किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. 1997 मध्ये अख्ख्या ब्रिटनमध्ये असे घुमणारे नर मोजले. किती भरले? फक्त 11!

तोवर पक्षीप्रेमी कामाला लागलेच होते. सफोकमधल्या लेकनहीथ इथली गाजराची शेतं एका पक्षी-संरक्षण संस्थेने 1995 मध्ये विकत घेतली. तिथे पुन्हा पाणी खेळवलं आणि नळाची लाखाहून जास्त रोपं लावली. 2009 मध्ये बिटर्नने तिथे घरटं केलं. 2023 च्या मोजणीत ब्रिटनमधल्या घुमणाऱ्या नरांची संख्या 200 च्या वर गेली होती.

म्हणजे नळ लावला की काम संपलं का? छे! वाळकी पानं साचत गेली की जमीन उंचावते, कोरडी होते, तिथे झुडपं वाढतात आणि हळूहळू नळच हटतो. म्हणून हिवाळ्यात पाळीपाळीने एकेक तुकडा कापतात आणि बाकीचा पक्ष्यांसाठी ठेवतात. कापलेल्या नळाने घरं शाकारतात. म्हणजे माणसाने थोडं घ्यावं आणि बरंचसं राहू द्यावं, असा हा हिशोब आहे.

आपल्याकडेही पाणथळ जागांची किंमत आता कळू लागली आहे. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक 'रामसर' यादीत गेलं. महाराष्ट्रातली ती पहिली जागा. पण तुमच्या गावच्या तळ्याचं नाव कुठल्याही यादीत नसेल. तिथे कोण राहतं, हे तुम्हालाच शोधायला हवं.

तर येत्या रविवारी आई-बाबांना घेऊन जवळच्या तळ्याकाठी जा. चिखलात उतरू नका, एकटे तर मुळीच जाऊ नका! काठावर दहा मिनिटं गप्प बसा आणि किती प्रकारचे आवाज ऐकू आले ते वहीत लिहा. दिसले किती आणि नुसते ऐकू आले किती, तेही लिहा. आम्हाला कळवाल ना?