जाम बोल्टचे पैसे कोण देणार?

सर्पेंटाइन बेल्ट बदलणं तसं सोपं काम. टेन्शनर फिरवा, जुना बेल्ट काढा, नवा चढवा. पण टेन्शनरही बदलायचा असेल आणि त्याचा बोल्ट गंजून जाम झाला असेल, तर छोट्याशा कामात अख्खी दुपार जाते. बोल्ट तुटला तर ड्रिल मारा, आटे पुन्हा पाडा. आणि आपण घेतो काय? ठरलेलं लेबर!

माझ्या मते इथे पान्ह्याआधी फोन उचलायला हवा. बोल्टचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा. "दादा, बोल्ट गंजलाय. निघाला तर लेबर एवढं, तुटला तर एवढं. पुढे जाऊ का?" होकार मेसेजवर घ्या. तोवर रस्ट स्प्रे मारून ठेवा, त्याला मुरायला वेळ लागतोच. मग सहा कोनी सॉकेट लावा, बारा कोनीने डोकं लवकर गोल होतं. आटे उलटे नाहीत ना, तेही आधी बघा.

काहीजण म्हणतील, एवढं सांगितलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. जाऊ दे की! तुटल्यावर सांगितलं तर तो म्हणणारच, "तुम्हीच तोडलात." आणि भीतीपोटी झिजलेला बेल्ट तसाच ठेवला तर? तो तुटला की अल्टरनेटर बंद, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही बंद, मग इंजिन तापतं. घाटात असं झालं तर नाव आपलंच खराब होणार.

एस्टिमेटवर आजच एक ओळ वाढवा: "गंजलेला बोल्ट तुटल्यास जादा लेबर लागेल." एका ओळीने बरीच भांडणं वाचतात.