‘राजी’ गेममधला महाबलासुर महाबळेश्वरचा आहे का?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये आला. त्यात दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात. दुर्गेचं बळ मिळालेली राजी धाकट्या भावाला, गोलूला, सोडवण्यासाठी महाबलासुराशी लढते.

हे नाव ऐकून महाबळेश्वर आठवणं साहजिक आहे. तिथल्या आख्यायिकेत विष्णू अतिबल दैत्याला मारतो आणि देवी महाबलाला मोहात पाडते. नाव जुळतं, देवही जुळतात.

मग गेमची कथा तिथूनच आली का? एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. राजी आणि गोलू त्या आख्यायिकेत नाहीत. तर्क जरूर लढवा; पण गेमचा स्क्रीनशॉट ‘पुराणात लिहिलंय’ म्हणून पुढे पाठवला, की तर्काची अफवा होते.